वादीत कड्यावरून उडी मारण्याआधी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मस्कत, सोहार, दुबई, अबू धाबीकडची मराठी मंडळी सुट्टीला वादी शाब, वादी तिवी, वादी बनी खालिद अशा ओमानमधल्या वाळवंटी घळींत जातात. तिथल्या हिरव्या पाण्यात कुणी वरून उडी मारताना दिसले की आपल्यातल्या कुणाला तरी वर चढावेसे वाटतेच. त्याआधी काय तपासायचे, याबद्दल सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उदाहरणे बहुतेक ओमानची आहेत, काही अमेरिकेतल्या अॅरिझोना-युटाची.

१. वादी म्हणजे आपल्या नदीतल्या डोहासारखंच ना? मग वेगळं काय बघायचं?

दिसायला डोहच, पण स्वभाव वेगळा. आपल्याकडे नदीला दर पावसाळ्यात पूर येतो, ओसरतो, आणि कुठे खडक आहे, कुठे भोवरा आहे, हे गावात कुणाला ना कुणाला ठाऊक असते. वादी म्हणजे वाळवंटी डोंगरातली घळ. वर्षातले बहुतेक दिवस ती कोरडी असते, किंवा झऱ्यांच्या पाण्यावर तिच्यातली कुंडे भरलेली राहतात. मग एखाद्या दिवशी वर कुठेतरी पाऊस पडतो आणि काही तासांत मोटारीएवढे धोंडे जागचे हलतात. पाणी ओसरले की कुंड पुन्हा पूर्वीसारखेच निळे-हिरवे दिसते. तळ मात्र पूर्वीचा राहिलेला नसतो.

गावच्या विहिरीत उड्या मारून पोहायला शिकलेल्यांनी हा फरक नीट लक्षात घ्यावा. विहिरीची भिंत सरळ खाली जाते आणि पाणी किती आहे हे पायऱ्यांवरून कळते. घळीत कडा पाण्याखाली पायरीसारखा पुढे आलेला असू शकतो, आणि वरून तो दिसत नाही.

२. किती उंचीपर्यंत चालतं?

ज्यांना उड्यांचे शिक्षण नाही त्यांनी ३ मीटरच्या वर जाऊ नये. चांगले पोहणाऱ्याने, आधी कमी उंचीवरून सवय करून, ५ मीटरवर थांबावे. कारण पाण्यावर पोचतानाचा वेग. ३ मीटरवरून पडताना तो ताशी सुमारे २८ किलोमीटर असतो, ५ मीटरवरून ३६, ८ मीटरवरून ४५ आणि १० मीटरवरून ५०. वेग दुप्पट झाला की अंगावर येणारा आघात चौपट होतो. ३ मीटरवरून तिरके पडलात तर कातडी लाल होते. १० मीटरवरून तसेच पडलात तर मणका दबू शकतो, फुप्फुसाला मार बसू शकतो, कानाचा पडदा फाटू शकतो.

वरून पाहताना तुमचे डोळे पाण्यापासून कड्याच्या उंचीपेक्षा आणखी दीड मीटर वर असतात, म्हणून ५ मीटर साडेसहासारखे भासतात. खालून पाहणाऱ्याला तेच अंतर किरकोळ वाटते. खाली उभे राहून "एवढंच तर आहे" म्हणणाऱ्याचा अंदाज धरू नका.

३. पाणी किती खोल असायला हवं?

३ मीटरच्या उडीला निदान ३ मीटर, ५ मीटरच्या उडीला ४ आणि १० मीटरला ५. स्पर्धेच्या तलावात १० मीटरच्या फलाटाखाली ५ मीटर पाणी ठेवतात, आणि तिथला तळ सपाट, फरशीचा असतो. घळीत तळ ओबडधोबड असतो. म्हणून ही खोली उडीच्या ठिकाणाभोवती ३ मीटर त्रिज्येच्या वर्तुळात सगळीकडे मिळाली पाहिजे. एका जागी ५ मीटर मिळाले आणि हातभर बाजूला २ मीटरवर धोंडा लागला, तर त्या कुंडाची खोली २ मीटर धरायची.

४. मोजायचं कसं? आमच्याकडे काही साधन नसतं.

साधन घरून नेता येते आणि ते खिशात मावते. १५ मीटर नायलॉनची दोरी घ्या. दर अर्ध्या मीटरला एक गाठ मारा आणि दर दोन मीटरला रंगीत चिंधी बांधा. ओली झालेली गाठ बोटाला लागते, पण मोजताना चुकते, चिंधी चुकत नाही. वजनासाठी एक लिटरची रिकामी बाटली न्या आणि तिथल्याच वाळूने भरा. दीडेक किलो भरते आणि सरळ खाली जाते. दगड बांधलात तर तो कपारीत अडकतो, शिवाय गाठीतून निसटतो.

एकाने पोहत, तोंडावर मास्क लावून, जिथे उडी पडणार त्या जागी जायचे. बाटली सोडायची. दोरी सैल पडली की हलकेच ताणून पाण्याच्या पातळीला चिमटीत धरायची आणि चिंध्या मोजायच्या. मधोमध एक माप, मग दीड मीटरवर चारही दिशांना, मग तीन मीटरवर चारही दिशांना, अशी नऊ मापे घ्यायची. पाण्याला ओढ असेल तर दोरी तिरकी जाते आणि खोली खरीपेक्षा जास्त भरते. दोरी तिरकी दिसली तर ते माप धरू नका.

मापे झाली की मास्क लावूनच खाली बुडी मारायची आणि कड्याच्या बाजूची भिंत पाण्याखाली हाताने चाचपत यायचे. पुढे आलेली पायरी, रुतलेले खजुराचे खोड, पुरात वाहून आलेली लोखंडी सळई किंवा तारेचे जाळे दोरीला सापडत नाही, हाताला सापडते. ज्याला उडी मारायची आहे त्याने स्वतः ही बुडी मारावी. पाण्याखाली किती ठाव आहे हे त्याच्या अंगाला कळलेले असले पाहिजे.

या सगळ्याला वीस मिनिटे लागतात. तेवढा वेळ नसेल तर उडीलाही वेळ नाही असे समजा.

५. पाणी काचेसारखं असतं, तळ दिसतो. तरी मोजायचं?

हो. पाण्यातून येणारा प्रकाश वाकतो, त्यामुळे सरळ खाली पाहिले तर तळ खऱ्या खोलीच्या पाऊणपट दिसतो: ४ मीटर पाणी ३ मीटर भासते. तिरके पाहिले तर आणखी उथळ. हे ज्याला माहीत असते तो उलट चूक करतो. "दिसतंय त्यापेक्षा खोलच असणार" म्हणून मनातल्या मनात एक-दोन मीटर वाढवतो, आणि ते वाढवलेले पाणी प्रत्यक्षात नसते. पाण्याखालचा खडकही जिथे दिसतो त्याच रेषेत नसतो. दुपारी कड्याची सावली आणि उन्हाची चमक पाण्यावर एकत्र असतात, तेव्हा सावलीतला अर्धा तळ गायबच होतो.

पाणी गढूळ असेल तर मोजमापही करू नका. का, ते प्रश्न १० मध्ये आहे.

६. उंची दगड टाकून मोजतात ना? एक सेकंद म्हणजे पाच मीटर?

हिशोब बरोबर आहे, मोजणी भरवशाची नाही. एका सेकंदाला ५ मीटर होतात आणि १.२ सेकंदाला ७ मीटर. बोटाने घड्याळ दाबण्यातच ०.२ सेकंद जातात, म्हणजे २ मीटरची चूक होते. प्रश्न ४ मधली चिंध्यांची दोरी वरून खाली सोडा आणि मोजा.

त्याच दोरीने आणखी एक गोष्ट बघायची. दोरी सरळ लोंबू द्या आणि खाली ती पाण्यावर पडते की खडकाला टेकते ते पाहा. बहुतेक कडे पायथ्याशी थोडे पुढे आलेले असतात. उभ्याने पाऊल टाकून उडी मारली तर ५ मीटरच्या पडण्यात माणूस जेमतेम एक ते दीड मीटर पुढे जातो. म्हणून पाण्याखालची पायरी धरून कड्याचा पायथा वरच्या काठापेक्षा अर्ध्या मीटरहून जास्त पुढे असेल, तर ती जागा सोडा. "धावत येऊन मारू" हा त्यावरचा उपाय नाही. ओल्या पायांनी धावताना शेवटचे पाऊल घसरले तर माणूस पुढे न जाता सरळ खाली, पायथ्यावर येतो.

७. उभं राहायचा दगड बरा आहे हे कसं ओळखायचं?

ओमानच्या या घळींत बहुतेक चुनखडी आहे. लोकांच्या पायांनी तिचे काठ गुळगुळीत झालेले असतात आणि वर शेवाळाचा पातळ थर असतो, जो सुकल्यावर दिसत नाही आणि ओला झाल्यावर साबणासारखा होतो. आधी उडी मारून वर आलेल्यांच्या कपड्यांतून पाणी ठिबकून काठ ओला होतो, म्हणून दहाव्या माणसाची जागा पहिल्याच्या जागेहून जास्त निसरडी असते. छोटा टॉवेल न्या आणि पाय ठेवायची जागा दर वेळी पुसा.

काठावर उभे राहण्याआधी मागे बसून टाचेने जोरात ठोका. पोकळ आवाज आला किंवा भेग दिसली तर ती जागा नको. युटा-अॅरिझोनातला वालुकाश्म पावसानंतर दोन-तीन दिवस आतून ओला आणि ठिसूळ राहतो, वरून सुकला तरीही. अॅरिझोनातल्या हवासू ओढ्यावर चुन्याचे साचलेले थर आहेत. ते दणकट दिसतात, पण काठाशी कुरकुरीत असतात.

उन्हाळ्यात दुपारी दगड इतका तापतो की अनवाणी माणूस नीट उभाच राहू शकत नाही, तो नाचत नाचत उडी मारतो. पातळ तळाचे, पायाला घट्ट बसणारे पाण्यातले बूट घाला. सपाता किंवा सैल सँडल नकोत.

८. उडी मारून झाल्यावर बाहेर यायला जागा असतेच की. आधी बघायचं काय त्यात?

असतेच असे नाही. अरुंद घळींत पुराने कोरलेली रांजणासारखी गोल कुंडे असतात: भिंती गुळगुळीत, आतून पोकळ गेलेल्या, आणि काठ हाताच्या वर. त्यात उतरणे सोपे, निघणे अशक्य. पाणी थोडे कमी झालेले असेल तर गेल्या वेळी हाताला लागणारा काठ या वेळी अर्धा मीटर वर असतो.

म्हणून आधी पोहत जा आणि जिथून वर यायचे तिथून स्वतःला ओढून वर काढून बघा, उडीआधी दोनदा. एकदा ताज्या दमाने, एकदा कुंडाला फेरी मारून दमल्यावर. दमल्यावर जमले नाही तर तिथे गाठी मारलेली जाड दोरी खडकाला बांधून ठेवा, किंवा ती जागा सोडा.

९. आकाश निरभ्र आहे. मग पुराची भीती कशाला?

पाऊस तुमच्या डोक्यावर पडायची गरज नाही. वादी शाबसारख्या घळींना पाणी पूर्व हजर डोंगरातून येते. तिथले उतार उघडे, खडकाळ आहेत, पाणी शोषायला माती नाही. वर पडलेला पाऊस थेट घळीत उतरतो. अॅरिझोनातल्या अँटिलोप कॅन्यनमध्ये १२ ऑगस्ट १९९७ रोजी ११ पर्यटक वाहून गेले, तेव्हा वादळ तिथून कित्येक किलोमीटर दूर झाले होते. ओमानमध्ये एप्रिल २०२४ च्या पुरात समद अल शान इथे शाळकरी मुलांना नेणारी गाडी वाहून गेली.

निघण्याआधी हवामान बघताना मस्कतचे किंवा सूर शहराचे बघू नका, डोंगराचे बघा. आदल्या दिवशी किंवा त्या दिवशी डोंगरात वादळी पावसाची शक्यता असेल, किंवा नागरी संरक्षण विभागाचा इशारा असेल, तर बेत रद्द करा. तो पुढच्या आठवड्यात पुन्हा आखता येतो. उन्हाळ्यातही हजरवर दुपारनंतर अचानक ढग दाटतात, म्हणून पाण्यातला भाग सकाळीच उरका.

तिथे पोचल्यावर भिंतींकडे वर पाहा. कपारींत अडकलेल्या काटक्या, खजुराच्या झावळ्या, प्लॅस्टिकचे तुकडे कुठवर आहेत? मागचा पूर तिथवर होता. बऱ्याच ठिकाणी त्या डोक्याच्या कितीतरी वर दिसतात.

१०. पाण्यात असताना पूर येतोय हे कळतं का?

थोडे आधी कळते, पण फार थोडे. निवळ पाणी अचानक चहासारखे होते. पाने-काटक्या तरंगत येतात. वरच्या अंगाने लांब मालगाडी जावी तसा आवाज येतो आणि घळीतून गार वारा सुटतो. यातले एकही दिसले की सामान सोडा आणि बाजूच्या उतारावर, झावळ्यांच्या खुणेच्या वर चढा. घळीतून पळत खाली जाऊ नका, पाणी तुमच्यापेक्षा वेगवान असते. म्हणूनच गढूळ पाण्यात मोजायला उतरायचे नाही: तळ दिसत नाही हे एक कारण, आणि ते गढूळ का झाले हे दुसरे, जास्त गंभीर कारण.

कुंडात उतरण्याआधीच, वर चढायची जवळची जागा सगळ्यांना बोट दाखवून सांगून ठेवा. लहान मुले बरोबर असतील तर त्यांना घेऊन तिथवर एकदा चढून या.

११. उडीत अंग कसं ठेवायचं?

पाय आधी, नेहमी. दोन्ही पाय घट्ट जुळलेले, गुडघे किंचित सैल, पावले खाली ताणलेली. नितंब आणि पोट आवळलेले. नजर समोरच्या भिंतीवर. खाली पाहिले की डोके पुढे जाते, मागोमाग छाती, आणि माणूस तोंडावर पडतो. हात सुरुवातीला तोल सांभाळायला बाजूला असले तरी पाण्याला लागण्याआधी मांड्यांना चिकटलेले हवेत. पसरलेला हात पाण्यावर आपटला की खांदा निखळतो. पाण्यात शिरताना नाकाने हवा सोडत राहा.

पाय फाकलेले असतील तर पाणी जोराने शरीरात घुसून आतल्या नाजूक भागाला इजा करते. बायकांना याचा धोका अधिक, पुरुषांनाही आहेच. हे संकोचाने कुणी सांगत नाही, म्हणून इथे स्पष्ट लिहिले आहे. मुटका मारणे ३ मीटरच्या आत ठीक, त्यावर कंबरेला मार बसतो.

पाण्याखाली गेल्यावर लगेच हात-पाय पसरा म्हणजे खोल जाणे थांबते. वर येताना एक हात डोक्यावर धरा.

१२. सूर मारता येतो मला, लहानपणापासून. मारू का?

इथे नाही. पाय खडकाला लागले तर घोटा मोडतो. डोके लागले तर मान मोडते आणि मानेखालचे सगळे शरीर कायमचे निकामी होऊ शकते.

१३. बरोबर किती माणसं हवीत?

निदान तीन, आणि तिघांना कामे वाटलेली. एक पाण्यात, उडीच्या जागेपासून ५ मीटर बाजूला, चांगला पोहणारा, हाताशी तरंगणारे काहीतरी घेऊन. दुसरा वर कड्यावर: पाण्यातल्याने हात वर करून "मोकळं" म्हटल्याशिवाय तो कुणाला काठावर येऊ देत नाही. तिसरा काठावर, फेकायची दोरी आणि फोन घेऊन. एका वेळी एकच उडी. आधीचा बाहेर येऊन खडकावर बसेपर्यंत दुसरा काठावरही येत नाही. हातात हात घालून दोघांनी मारलेल्या उडीत एक जण दुसऱ्याचा तोल घालवतो.

१४. वाळवंटात पाणी गार कसं असेल?

वादी शाबचे पाणी बहुतेक महिने सुखद असते. पण कायम सावलीत असलेल्या अरुंद घळीत, हिवाळ्यात, किंवा युटा-अॅरिझोनातल्या पॉवेल सरोवरासारख्या ठिकाणी वसंत ऋतूत, पाणी १५ अंशांच्या खाली असते. चाळीस अंशांच्या हवेतून त्यात पडले की छातीत एकदम श्वास ओढला जातो, आणि तो तोंड पाण्याखाली असताना ओढला गेला तर पाणीच आत जाते. पहिला मिनिटभर श्वास ताब्यात राहत नाही. उडीआधी पाण्यात उतरून, मान-चेहरा भिजवून, श्वास शांत होईपर्यंत थांबा. मोजमापासाठी आधी उतरलेला असतो त्याचा हा भाग आपोआप होतो.

उलट बाजूही आहे. वादी शाबला होडीने पाणी ओलांडल्यावर दगडधोंड्यांतून पाऊण तास चालावे लागते. घामाने निथळलेला, पाय थरथरणारा माणूस तोल सांभाळू शकत नाही. अर्धा तास सावलीत बसा आणि पाणी प्या.

१५. पोहता येत नाही, पण लाइफ जॅकेट आहे. छोटी उडी चालेल?

नाही. जॅकेट घालून वरून पडले की ते पाण्यावर अडते, शरीर खाली जाते, आणि जॅकेटचा काठ हनुवटीवर आपटतो. पट्टे सैल असतील तर ते डोक्यावरून निघूनही जाते. जॅकेट कुंडे पोहून ओलांडायला घाला, त्यासाठी ते उत्तमच आहे. उडी मात्र त्यानेच मारावी ज्याला जॅकेटशिवाय, कपड्यांसकट, न थांबता दहा मिनिटे खोल पाण्यात तरंगता येते.

डोक्याला पट्ट्याने बांधलेला कॅमेराही असाच मानेला हिसका देतो. चित्रण काठावरच्याने करावे, पण फेकायची दोरी ज्याच्याकडे आहे त्याने नाही.

१६. गेल्या वर्षी आम्ही याच जागेवरून मारली होती. आणि आत्ता चार जण मारताहेत.

मोजमाप त्या दिवसापुरतेच खरे. मधे पूर आला असेल तर तळाशी नवा धोंडा असू शकतो. पूर आला नसेल तर पाणी आटलेले असू शकते. पॉवेल सरोवराची पातळी २०२३ च्या सुरुवातीला पूर्ण पातळीपेक्षा सुमारे ५५ मीटर खाली गेली होती. तिथे जुन्या फोटोतल्या कड्याची उंची आणि आजची उंची यांचा संबंधच राहत नाही.

चार जण सुखरूप वर आले, यावरून एवढेच कळते की ते चौघे ज्या जागी पडले तिथे पुरेसे पाणी होते. पाचवा हातभर डावीकडे पडला तर? शिवाय त्यातला एखादा तिथलाच, तिवी गावचा मुलगा असेल, तर त्याला तो खडक कुठे आहे हे ठाऊक आहे. त्याला विचारा. खालच्या पाण्याबद्दल तिथल्या माणसाइतकी माहिती कुणाकडे नसते. विचारून झाल्यावरही मोजा.

१७. वादी शाबमध्ये रेड बुलची स्पर्धा झाली होती ना? म्हणजे जागा सुरक्षितच की.

२०१२ साली तिथे कड्यावरून उड्या मारण्याच्या जागतिक मालिकेतली स्पर्धा झाली होती, हे खरे. त्या खेळात पुरुष २७ मीटरच्या आसपासच्या उंचीवरून उडी घेतात. त्यांच्यासाठी खास फलाट असतो, पाणी तपासलेले असते, खाली पाणबुडे आणि वैद्यकीय पथक तयार असते. आणि ते लोक वर्षानुवर्षे रोज हेच करतात. त्यातले काहीही शनिवारी दुपारी तिथे नसते.

१८. शेवटच्या गुहेत, धबधब्याच्या वरून मारतात ती उडी?

वादी शाबच्या शेवटच्या कुंडाला एक फट आहे, डोके जेमतेम जाईल एवढी. त्यातून पोहत आत गेले की गुहा आणि धबधबा. काही जण दोरीला धरून धबधब्यावर चढतात आणि वरून उडी मारतात. अडचणी तीन. आत उजेड कमी, त्यामुळे वरच्याला खालची डोकी दिसत नाहीत. धबधब्याच्या आवाजात "मोकळं" ऐकू येत नाही. आणि मार लागलेल्याला त्याच फटीतून, पाण्यातून, सरळ धरून बाहेर काढणे जवळपास अशक्य. गुहा पाहायला जरूर जा, फटीत गर्दी नसताना. उडी तिथे मारू नका. चढायच्या दोरीवरही भरवसा ठेवू नका, ती किती वर्षे पाण्यात आहे हे सांगता येत नाही.

१९. मुलगा बारा वर्षांचा आहे, स्विमिंगच्या स्पर्धा जिंकतो. त्याला परवानगी द्यावी?

एक-दीड मीटरच्या खडकावरून, मोजलेल्या पाण्यात, तुम्ही पाण्यात असताना द्यायला हरकत नाही. त्याहून वर नको. त्याला पोहणे येते, पण हवेत तोल सांभाळणे ही वेगळी गोष्ट आहे. आणि मोठ्या मुलांसमोर "नको" म्हणण्याचे बळ त्या वयात कमी असते. ते "नको" तुम्ही म्हणा.

२०. कायद्याने बंदी आहे का?

जागेनुसार बदलते. पॉवेल सरोवर ज्यात येते त्या ग्लेन कॅन्यन क्षेत्रात १५ फूट किंवा त्याहून उंच कड्यावरून उडी मारायला मनाई आहे. हवासू ओढ्याकाठच्या हवासूपाई या मूळ रहिवासी लोकांच्या भूमीत धबधब्यांवरून उडी मारायला बंदी आहे, आणि आपण तिथे पाहुणे असतो. ओमानमध्ये इशारा असताना वादीत उतरू नका, आणि पुराच्या पाण्यात गाडी घालणे तर गुन्हाच आहे. पाटी लावलेली असेल तर ती पाळा. पाटी नसणे म्हणजे कुणी तपासून परवानगी दिली असे नव्हे.

२१. वर गेलो आणि पाय लटपटायला लागले. उतरणं चढण्यापेक्षा अवघड. मग उडीच मारावी ना?

नाही. लटपटत्या पायांनी मारलेली उडी तिरकी जाते. काठापासून मागे सरका आणि बसा. खालच्या माणसाला वर बोलवा, त्याने पाय कुठे ठेवायचा ते एकेक करून सांगावे. हा प्रसंग येऊ नये म्हणून चढायची वाट उतरायला जमते का हे पहिल्या दोन मीटरवरच बघा: चढा, आणि तिथून परत उतरा. जमले नाही तर वर जाऊच नका. मागे फिरणाऱ्याला कुणी हसले तर ज्याने गट नेला त्याने तिथेच थांबवावे.

२२. पाण्यावर पाठ आपटली. दुखतंय, पण चालता येतंय. घरी जाऊन बघू का?

मणक्याचे दबलेले हाड असतानाही माणूस चालू शकतो. पाठीच्या मधोमध बोटाने दाबल्यावर दुखणे, पायांत मुंग्या, लघवी अडणे, खोकल्यात रक्त, धाप, पोट कडक होणे, यातले काहीही असेल तर आडवे झोपवा, हलवू नका, ९९९९ वर (ओमानचा आपत्कालीन क्रमांक) फोन करा. घळीत रेंज मिळेलच असे नाही, म्हणून एका माणसाला प्रवेशाच्या दिशेने पाठवा, रेंज येईपर्यंत चालत. जागेचे नाव, होडीपासून चालत किती अंतर, किती जखमी, हे त्याने लिहून न्यावे. लक्षणे नसली तरी ५ मीटरहून उंचावरून आपटलेल्याला त्याच दिवशी दवाखान्यात दाखवा.

कानात दुखून एकदम गरगरले तर पडदा फाटलेला असू शकतो. गार पाणी आत गेले की वर-खाली कळेनासे होते. अशा माणसाने पुन्हा पाण्यात जायचे नाही. परतीच्या वाटेवर पोहायचेच असेल तर कान झाकून, जॅकेट घालून, दोघांच्या मधे.

२३. मान दुखावल्याची शंका आहे आणि तो पाण्यात आहे. ओढून काढायचं की नाही?

आधी श्वास बघा. श्वास चालू असेल आणि पाणी शांत, उबदार असेल तर त्याला तोंड वर करून तरंगत ठेवा. एकाने दोन्ही हातांनी डोके आणि खांदे एका रेषेत धरायचे, बाकीच्यांनी कंबर आणि पाय. मदत येईपर्यंत, किंवा चार-पाच जण मिळून त्याला सपाट उचलता येईपर्यंत, तसेच थांबा.

श्वास नसेल तर मानेचा विचार मागे ठेवा आणि लगेच बाहेर काढा. डोके फार मागे न वाकवता जबडा पुढे उचला आणि आधी तोंडाने श्वास द्या. बुडालेल्याला सगळ्यात आधी हवा हवी असते. मग छातीच्या मध्यावर ३० दाब, ५ ते ६ सेंटीमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० च्या गतीने. पुन्हा २ श्वास. असे आळीपाळीने, दर दोन मिनिटांनी माणूस बदलत, मदत पोचेपर्यंत. पोट दाबून पाणी काढत बसू नका, किंवा उलटे टांगू नका. त्यात वेळ जातो आणि पोटातले अन्न फुप्फुसात जाते.